शोभाताई, प्रयोगशाळा परिचर

फोन उचलून मी "हॅलो" म्हटलं की पलीकडून बहुतेक वेळा पहिलं वाक्य यायचं, "मॅडम, जरा साहेबांना द्या."

"साहेब मीच आहे. बोला की."

 मग, "न्हाई, ते कॉम्प्युटरचं होतं."

"कॉम्प्युटरचंच बोला की."

मी लातूरची. हा 'की' माझ्या जिभेवरून शेवटपर्यंत गेला नाही. नांदेडला एका छोट्या कंपनीत एकवीस वर्षं काढली, तरी माणसं मला आधी कुणाची तरी वहिनी समजायची आणि मग इंजिनिअर. मला त्याचा राग यायचा. पुढं पुढं त्याचा उपयोग करायला शिकले. वहिनीला माणूस खरं सांगतो. "मीच काहीतरी दाबलं वाटतं," हे वाक्य साहेबाला कुणी कधी सांगितलं नसतं.

शेवटची आठ-नऊ वर्षं आमच्याकडे परीक्षा केंद्रांचं काम होतं. परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं नाव इथं नको. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत तिची बरीच केंद्रं होती, एवढं पुरे. पूर्वी प्रश्नपत्रिकांची सीलबंद गाठोडी जीपमधून जायची, सोबत एक पोलिस. आता पेपर तारेवरून जातो. पण इंटरनेट हा सगळ्यांचा रस्ता. तिथून प्रश्नपत्रिका उघडी पाठवली तर वाटेत कुणीही डोकावेल. म्हणून केंद्रावरचा संगणक आणि मुख्य कार्यालयातला संगणक आधी एकमेकांची ओळख पटवून घेतात, आपसात कुलूपकिल्ली ठरवतात, आणि त्या दोघांपुरती एक बंद वाट तयार होते. तिला व्हीपीएन म्हणायचं. ओळख पटली नाही तर वाट नाही, वाट नाही तर पेपर नाही. वाट का तयार झाली नाही, हे शोधायचं काम माझं.

केंद्रांवरचे संगणक लिनक्सवर चालायचे. विंडोज जशी संगणक चालवणारी व्यवस्था आहे, तशीच ही. व्हायरसचा त्रास कमी, म्हणून संस्थेनं निवडली. लोक तिला बिचकतात, कारण अडचण आली की काळा पडदा उघडून ओळी टाइप कराव्या लागतात. मला मात्र ती मनापासून आवडायची. लिनक्स आपलं दुखणं लपवत नाही. काय केलं, कुठं अडलं, सगळं एका नोंदीत लिहून ठेवतं. फार लिहितं आणि इंग्रजीत लिहितं, एवढीच तक्रार.

लातूरच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांनी एकदा कीबोर्ड बिघडला म्हणून नवा मागवला होता. तोही बिघडला म्हणाले. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, ठिपकासुद्धा उमटत नाही. "सर, दिसत नसलं तरी टाइप करा आणि एंटर दाबा," मी म्हटलं. वाट लगेच उघडली. सर म्हणाले, "हे मी आंधळ्या विश्वासावर करायचं?" मी म्हटलं, "हो सर." कंधारच्या केंद्रावर एकदा संगणकातली घड्याळाची बारकी बॅटरी संपली आणि संगणक कित्येक वर्षं मागं गेला. आमचं ओळखपत्र त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नव्हतं. तारीख बरोबर केली, काम झालं. असे किस्से पुष्कळ आहेत, आणि त्यांत शहाणी बहुतेक मीच असते. आज मात्र मला माहूरचा दिवस सांगायचा आहे.

हिवाळी परीक्षा चालू होत्या. दत्तजयंती दोन दिवसांवर आलेली, माहुरात यात्रेची गर्दी. पेपर साडेदहाचा. साडेनऊला केंद्रांना प्रश्नपत्रिका खुली व्हायची, ती उतरवून घ्यायची, झेरॉक्स काढायच्या आणि वर्गांत वाटायच्या. दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत पेपर उतरला नाही तर त्या केंद्रावरची परीक्षा रद्द, असा नियम होता. पेपर फुटला की काय, हा संशय नको म्हणून केलेला नियम. त्यात चूक काही नव्हतं. पण माहूरच्या त्या कॉलेजात दोनशेच्या वर मुलं-मुली बसलेली, बरीचशी शेवटच्या वर्षाची. आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून सकाळच्या पहिल्या गाडीनं आलेली. रद्द म्हणजे त्यांचं सहा महिन्यांचं नुकसान.

साडेनऊला दोन-तीन मिनिटं कमी असताना फोन आला. कॉलेजचा साधा, तारेचा फोन.

"मॅडम, माहूरवरून बोलून राहिले. शोभा हनमंते. ते जोडलं जात न्हाई."

"जाधव कुठंयत?" जाधव तिथले लिपिक. केंद्राचा संगणक तेच बघायचे.

"ते काल रात्रीपासून दवाखान्यात हायत. पोटाचं ऑपरेशन झालं. प्राचार्य सरांनी मला बसवलं."

"तुम्ही तिथं काय आहात?"

"केमिस्ट्रीच्या लॅबला परिचर हाय, मॅडम."

मी डोळे मिटले. लॅबमध्ये काचेची भांडी धुणारी, बाटल्या लावणारी बाई. आणि समोर लिनक्स. माझ्या मनात काय आलं ते लपवायला नको. आज गेलं माहूर, असंच आलं.

"बरं. पडद्यावर शेवटच्या ओळीत काय लिहिलंय? वाचता येईल?"

"हाव. अक्षर अक्षर सांगू का शब्द सांगू?"

त्यांनी अक्षरं सांगितली. एकही चुकली नाही. मोकळी जागा आली की "जागा" म्हणायच्या, टिंब आलं की "टिंब". सव्वीस वर्षं त्या इंग्रजी लेबलांच्या बाटल्या लावत होत्या. एका अक्षराच्या फरकानं रसायन बदलतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मला ते त्या वेळी सुचलं नाही. एवढंच जाणवलं की इतकी स्वच्छ नोंद मला आजवर एकाही प्राध्यापकानं वाचून दाखवली नव्हती.

नोंदीचा अर्थ असा होता, की दोन्ही संगणकांची पहिली बोलणी होतात, आणि मग ओळख पटायच्या वेळी पलीकडून उत्तर येत नाही. वाट बघून बघून लिनक्स सोडून देतं. तारीख विचारली. त्यांनी पडद्यावरची सांगितली, भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून सांगितली. पासवर्ड बरोबर होता. मोबाइलचं इंटरनेट जोडून बघू म्हटलं, तर यात्रेच्या गर्दीनं टॉवर दमलेला. मोबाइलवर एक चित्रसुद्धा उतरत नव्हतं.

आमच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर केंद्रांची यादी असायची. एकेक नाव हिरवं होत गेलं. हदगाव झालं, कंधार झालं, लातूरची सगळी झाली. माहूर तेवढं लाल. परीक्षेच्या दिवशी आमच्याकडंच बसणारे संस्थेच्या परीक्षा विभागाचे अधिकारी माझ्या मागं येऊन उभे राहिले.  

अशा वेळी माणूस सवयीकडं पळतो. माझी सवय होती, काही सुचेना तर सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायचं.

"शोभाताई, जुनं सगळं काढून टाकायचं आणि पेनड्राइव्हमधून नवीन टाकायचं. मी सांगते तसं करा."

"मॅडम, काढायच्या आधी नक्कल ठेवू का? सांडल्यावर परत भरता येत न्हाई."

"वेळ नाही ओ ताई. काढा."

"बरं."

काढलं. नवीन टाकलं. नोंद वाचली. आणि मग लक्षात आलं. केंद्राची किल्ली ज्या फाइलमध्ये असते, ती फाइल जुन्यासोबत गेली होती. ती नसेल तर वाट उघडायचा प्रश्नच नव्हता. नवी किल्ली मिळायला मुख्य कार्यालयातून दोन सह्या लागतात, म्हणजे दुपार. चूक सरळसरळ माझी. मागं उभ्या असलेल्या साहेबांकडं वळून बघायची माझी छाती होईना.

"मॅडम, बोला की. ऐकू येऊन राहिलं न्हाई."

"ताई... ती किल्लीची फाइल गेली."

"न्हाई गेली. मी आधी नक्कल काढली, मग काढलं. रागावू नका. जाधव सर टेबलावर कागद ठेवून गेलेत, त्यावर लिवलेलं व्हतं कोणती फाइल महत्त्वाची अन् नक्कल कशी काढायची ते. ती बाहेर ठेवली हाय."

  त्यांनी फाइल जागेवर ठेवली. आम्ही पुन्हा जिथून निघालो तिथं येऊन पोहोचलो. पहिली बोलणी होतात, मग शांतता. दहाला सात मिनिटं कमी होती.

आणि मी त्यांच्यावर ओरडले. ज्या बाईनं आत्ता मला वाचवलं होतं तिच्यावरच. म्हणाले, "तिथं दुसरं कुणी जाणकार आहे का? त्यांना द्या फोन. असं नाही जमायचं."

त्यांचा आवाज चढला नाही.

"दुसरं कोणी न्हाई, मॅडम. सर लोक वर्गावर हायत. इथं मी हाय अन् तिथं तुम्ही. थोडं पाणी प्या. मी सांगू का, मी काय काय पायलं ते?"

मी खरंच पाणी प्यायले.

"सांगा."

वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. त्या बसल्यापासून सगळं लिहून ठेवत होत्या. वेळ, काय केलं, काय झालं. लॅबमध्ये प्रॅक्टिकल असताना मुलांनी काय मोडलं, काय सांडलं ते लिहायची सवय.

"परवा इंटरनेटचा तारवाला आला व्हता. जुना डबा काढून नवा बसवून गेला. जाधव सर परवा दुपारपर्यंतच व्हते, काल पेपर न्हवता, त्याच्या नंतर हे कोणी उघडलंच न्हाई. मग सकाळी मी बसल्यावर इंटरनेट हाय का म्हणून चार-पाच पानं उघडून पायली. दोन आली. तीन नुसती फिरून राहिली, येत न्हाईत अन् बंदबी पडत न्हाईत. तीच दोन येतात, तीच तीन अडकतात. दोनदा करून पायलं."

मी खुर्चीत सरळ झाले. काही पानं येतात, काही अडकतात, आणि दर वेळी तीच. इंटरनेट बंद असतं तर सगळीच अडकली असती.

इथं थोडं समजावून सांगते. तारेवरून काहीही जातं ते गाठोड्या-गाठोड्यांनी. गाठोडं किती मोठं असावं याची एक मर्यादा असते. वाटेतला एखादा डबा त्या मर्यादेपेक्षा लहान गाठोडंच पुढं सोडत असेल, तर त्यानं मागं कळवायला हवं, की बाबा, लहान करून पाठव. काही डबे कळवत नाहीत. मोठं गाठोडं गुपचूप टाकून देतात. मग बारीक बोलणी होतात, आणि मोठं काही आलं की सगळं गप्प. दोन संगणकांची ओळख पटताना सुरुवातीचे निरोप बारके असतात. त्यानंतर पलीकडून ओळखपत्र येतं, ते मोठं. ते येतच नव्हतं. बिघाड आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हता आणि किल्लीतही नव्हता, परवा बसवलेल्या त्या नव्या डब्यात होता. मी सकाळपासून भलतीकडंच शोधत होते.

"शोभाताई, आता मोजायचं आहे. मी एक ओळ सांगते. तिच्या शेवटी आकडा आहे. तेवढ्या आकाराची चार गाठोडी जाऊन परत येतात का ते बघायचं."

"म्हंजे टायट्रेशन."

"काय?"

"आमच्याकडं ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब ॲसिड सोडत जातात न्हाई का, रंग बदलेपर्यंत. तसंच. किती ठेवू पहिलं?"

"चौदाशे."

"न्हाई आलं."

"हजार."

"आलं. चारच्या चारी आले."

"बाराशे."

"आले."

"तेराशे."

"न्हाई."

बाराशे आणि तेराशेच्या मध्ये कुठंतरी होतं. मला नेमका आकडा हवासा झाला. हा आम्हा लोकांचा रोग आहे. मी म्हटलं, "आता बाराशे पन्नास टाका, मग पंचवीस-पंचवीसनं..."

"मॅडम," त्या मध्येच म्हणाल्या, "पहिलं रीडिंग अंदाजाचं घेतात. नेमकं मागून काढू. बाराशेवर चालत असलं तर बाराशेच धरा. घड्याळात दहाला एक मिनिट कमी हाय."

मी बाराशेच धरले. संगणकानं यापुढं बाराशेपेक्षा मोठं गाठोडं बांधायचं नाही आणि पलीकडच्यालाही तसंच कळवायचं, अशी एक ओळ सांगितली. त्यांनी टाइप केली, मला परत वाचून दाखवली, मगच एंटर दाबलं. मग व्हीपीएन सुरू करायला सांगितलं.

आमच्या पडद्यावर माहूर हिरवं झालं. दहा वाजून दोन मिनिटं.

मागून साहेबांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. मी फोनमध्ये काहीतरी म्हणत होते, पण शोभाताईंनी रिसीव्हर टेबलावर ठेवून दिला होता. लांबून त्यांचा आवाज आला, "सर, आला पेपर! मशीन चालू करा!" मग धावपळीची पावलं, मग झेरॉक्स मशीनचा तो एकसुरी घरघर आवाज. मी फोन ठेवला नाही. बराच वेळ ती घरघर ऐकत बसले. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतकं छान मी दुसरं काही ऐकलेलं नाही. पेपर साडेदहालाच सुरू झाला.

दुपारी अडीचला पुन्हा फोन.

"मॅडम, बाराशे अठ्ठेचाळीस."

"काय?"

"नेमकं रीडिंग. बाराशे अठ्ठेचाळीस जातं, बाराशे एकोणपन्नास न्हाई जात. बाराशेची ती ओळ तेवढ्यापुरती काढून तीनदा घेतलं, मग परत टाकली. तुमच्याकडं लिवून ठेवा."

परीक्षा संपल्यावर, पोरं गेल्यावर, त्या एकट्या बसून थेंब थेंब मोजत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं.

यानंतरचा भाग मला लिहायला जड जातो. संध्याकाळी मी अहवाल लिहिला. त्यात लिहिलं, 'तांत्रिक पथकाने दूरध्वनीवरून मार्गदर्शन करून अडथळा दूर केला.' वाक्य खोटं नव्हतं. अहवालाच्या तक्त्यात केंद्रावरच्या माणसासाठी 'लिपिक' असा रकाना होता. मी तिथं जाधवांचं नाव टाकलं, कारण दर वेळी तेच असायचं. हाताला सवय होती, असं म्हणता येईल. पण फाइल परत टाकायची वेळ कशी आली, हेही मी लिहिलं नाही. ते सवयीनं राहिलं नव्हतं. महिनाभरानं संस्थेची अभिनंदनाची पत्रं आली, एक माझ्या नावानं, एक जाधवांच्या. आमच्या साहेबांनी पेढे वाटले. मीही एक पेढा खाल्ला.

फेब्रुवारीत नवीन संगणक बसवायला माहूरला गेले. नांदेडहून एसटीनं, शेवटचा घाट चढून. कॉलेजात पोहोचले तेव्हा केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल चालू होतं. पन्नाशीच्या आसपासची, निळ्या एप्रनमधली एक बारकी बाई एका मुलाच्या ब्युरेटकडं बघत म्हणत होती, "डोळे रेघेच्या बरोबर घे. वरून पायशील तर चुकशील." आवाजावरून ओळखलं.

त्यांनी सुट्टीत मला घरी नेलं. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली मुलीची बारावीची गुणपत्रिका चौकटीत. मुलगी नांदेडला नर्सिंग शिकत होती. चहा झाला, आणि मी सगळं सांगून टाकलं. अहवाल, रकाना, पत्र, पेढे.

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, असू द्या मॅडम, त्यात काय. माणसं म्हणतात तसं. त्यांनी कप खाली ठेवला.

"लिवायला पायजे होतं, मॅडम."

"हो."

"मला वाईट वाटलं. जाधव सरांना पत्र आलं. पेपरच्या दिवशी ते बिचारे सलाइनवर होते. त्यांनीच येऊन सांगितलं, शोभाताई हे तुमचं हाय. पण कागदावर त्यांचं. पोरगी सुट्टीत आली तवा मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणली, आई, कागद दाखव. आता कागद न्हाई तर काय दाखवू? माझा बाप दुसऱ्याच्या वावरात राबला. त्यानं किती काम केलं ते कुठंच लिवलेलं न्हाई. मी म्हणून वहीत लिवते. पण माझी वही माझ्यापाशी. तुमचा कागद वर जातो."

 मग त्याच म्हणाल्या, "आता चहा पिलात, राग गेला माझा. पण लिवा."

नांदेडला परतल्यावर मी पुरवणी अहवाल लिहिला. तीन पानांचा. माझी चूक पहिल्या पानावर, त्यांची नक्कल दुसऱ्या पानावर, मोजणी तिसऱ्या पानावर. परीक्षा विभागातल्या बाबूनं विचारलं, "प्रयोगशाळा परिचर? हा रकाना आमच्याकडं नाही." मी म्हटलं, "मग काढा की नवा." तो म्हणाला, "आणि तुम्ही स्वतःची चूक कशाला लिहिता? झालं गेलं." मी म्हटलं, "ती नाही लिहिली तर दुसरं पान समजणार नाही." चार चकरा झाल्या. शेवटी पत्र निघालं, नावासकट, पदासकट. प्राचार्यांनी ते स्टाफ मीटिंगमध्ये वाचलं आणि त्याची नोंद शोभाताईंच्या सेवापुस्तकात झाली. मला त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "पोरीला फोटो पाठवला." 

त्या उन्हाळ्यात आम्ही लातूरला केंद्रांच्या लिपिकांचं प्रशिक्षण ठेवलं. मी हट्टानं शोभाताईंना बोलावलं. सभागृहात लिपिक होते, काही प्राध्यापकही होते. एकानं हात वर करून विचारलं, "मॅडम, आपण कोणत्या विषयाच्या?"

"मी विषयाची न्हाई, सर. मी प्रयोगशाळेची हाय," त्या म्हणाल्या आणि फळ्यावर तीन रकाने आखायला लागल्या. वेळ, काय केलं, काय झालं. मग म्हणाल्या, "एका टायमाला एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कशानं झालं ते कळत न्हाई." मी हे वाक्य एकवीस वर्षांत कितीतरी पुस्तकांत वाचलं होतं. माहूरच्या त्या सकाळी मी ते एकदाही पाळलं नव्हतं. देगलूरकडचा एक लिपिक म्हणाला, त्याला घड्याळ बघून हात कापायला लागतात. त्या म्हणाल्या, "मलाबी कापतात. म्हणून तर वाचून दाखवते अन् मग एंटर दाबते." तो लिहून घेऊ लागला, आणि मग मागच्या रांगेत बसलेली मीसुद्धा.

पुढच्या हिवाळी परीक्षेच्या पहिल्या दिवशी, नऊ वाजून बत्तीस मिनिटांनी, फोन वाजला. माहूरचा नंबर.  जाधव बरे होऊन कामावर आले होते, पण आता संगणकावर दोघंही बसायचे.

"काय झालं, शोभाताई?"

"काही न्हाई झालं. पहिल्याच वेळी जोडलं गेलं. पेपर उतरून राहिला. म्हणलं, तुमाला सांगावं."

 एवढ्या वर्षांत हजारो फोन घेतले, सगळे बिघडलं म्हणून सांगणारे. चालतंय म्हणून सांगायला कुणी कधी फोन केला नव्हता. आणि तसा फोन कुणी करावा असं मला कधी सुचलंही नव्हतं.

"मॅडम, हायत ना?"

"आहे, आहे. बरं झालं सांगितलंत."

"बरं, ठेवते. मशीनपाशी जायचं हाय."

फोन ठेवून मी खुर्चीतून उठले आणि खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माहूर लागलं!"

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं मान वर केली. "का, तिथं काय बिघडलं होतं?"

"काहीच नाही," मी म्हटलं.